तीनदा डिपर

रेक्स हाउप्टनं तीस वर्षं ग्रेडर चालवला. आमच्या वॅरानूक गावापासून शहरापर्यंतचा नव्वद किलोमीटर रस्ता त्यानंच खरवडून सपाट केला होता. पुढे त्यावर डांबर पडलं, तेव्हा ते नीट पडतंय ना हे बघायला हा सुट्टी टाकून उन्हात उभा. त्या रस्त्यावर कुणी त्याला वेग शिकवायला आलं की त्याचं डोकं फिरायचं. हट्टी माणूस. बावीस वर्षं त्याच्या दारात टपाल टाकतेय, मला ठाऊक आहे.

गावाच्या टोकाला गव्हाचा सायलो, म्हणजे धान्याची उंच कोठी आहे. तिथे वेगाची मर्यादा साठ, आणि शंभरची पाटी उगाचच बरीच पुढे. त्या मधल्या पट्ट्यात, निलगिरीच्या सावलीत, एक पांढरी मोटार येऊन उभी राहू लागली. आत कॅमेरा आणि फोनमध्ये डोकं घातलेला परगावचा माणूस. आजूबाजूला चिटपाखरू नाही. दंडाची पाकिटं माझ्याच पिशवीतून जायची, आणि लोक माझ्याकडे असं बघायचे, जणू फोटो मीच काढलाय.

रेक्सला वर्षात चार पाकिटं आली. परवान्यावर दंडाचे बारा गुण भरले की परवाना जातो, त्याचे दहा भरले. आणि परवाना जाऊन चालणारच नव्हतं. त्याच्या बायकोच्या, नोएलीनच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला शहरात डायलिसिसला न्यावं लागे. बस नाही, मुलं पर्थला. परवाना गेला तर घर विकून शहरात राहायला जायचं, एवढाच मार्ग उरत होता.

"त्या खुराड्यात मी जायची नाही," नोएलीन म्हणायची. "मरायचं तर इथे मरेन."

सभागृहात बैठक झाली. वाहतूक खात्याचा एक गुळगुळीत माणूस पडद्यावर अपघातांचे आकडे दाखवू लागला. रेक्स उठला.

"आकडे राहू देत, दोस्ता. आमच्या या रस्त्यावर मेलेल्या एका माणसाचं नाव सांग."

तो कागद चाळू लागला.

"एकच सांग. तीस वर्षं होतो मी तिथे. मला एक मेंढी आठवते, पण तिचं नाव काही ठेवलेलं नव्हतं."

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य एका फळीवर रंगवून आम्ही सायलोपाशी ठोकलं: 'इथे मेलेल्या एकाचं नाव सांगा.' सह्यांचं निवेदन गेलं, त्याचं काही झालं नाही. एकदा रेक्सनं आपली गाडी पांढऱ्या मोटारीच्या नाकासमोर लावली, बॉनेट उघडलं आणि खुर्ची टाकून चहा पीत बसला. म्हणाला, बिघडली. पोलीस आल्यावर ती लगेच सुधारली.

मग डिपरचं मी काढलं. हो, मीच. दुकानासमोर सगळ्यांना सांगितलं, "रेक्सचा परवाना वाचवायचाय. पांढरी मोटार दिसली की समोरून येणाऱ्याला तीनदा हेडलाइटचा डिपर." लोक आधीही द्यायचे, पण आता तो गावाचा नियम झाला. समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, म्हणजे कळलं, आभारी आहे. दोन वर्षं रेक्सला एकही पाकीट आलं नाही. मला त्याचा भारी गर्व होता.

गेल्या डिसेंबरात, आमच्याकडच्या उन्हाळ्यात, कापणी ऐन भरात असताना, मी शहरातून टपाल घेऊन येत होते. सायलोच्या चार किलोमीटर अलीकडे, गावाकडून येताना दिसत नाही अशा, चढापलीकडच्या उतारावर गव्हाचा ट्रेलर आडवा झाला होता. सगळा रस्ता अडलेला. चालक धडधाकट होता, पण तिथे फोनला रेंज नसते. "गावात जाऊन कळव," तो म्हणाला, "आणि वाटेत भेटेल त्याला सांग." मी कडेच्या शेतातून गाडी काढून पुढे निघाले.

वाटेत कुणीच नव्हतं. सायलो मागे पडला आणि गावात शिरताना समोरून रेक्सची गाडी आली. शुक्रवार होता. मी तीनदा डिपर दिला. त्यानं बोट उचललं. नोएलीननं विणकामाच्या सुयांसकट हात हलवला. सांगितलं बाई एकदाचं, असं मनात म्हणत मी दुकानाशी गाडी लावली.

ट्रॉय दुकानदार दारातच होता, त्यानं माझा डिपर पाहिला होता. "काय गं डॉट, आलाय वाटतं फोटोग्राफर? सकाळपासून तर दिसला नाही."

म्हणजे रेक्सलाही तेच वाटलं असणार. मी पिशवी टाकून परत गाडीकडे धावले. वाटेत हॉर्न वाजवत होते, कशासाठी कोण जाणे. चढावर पोचले तेव्हा सगळं झालं होतं. गव्हाच्या ढिगात नोएलीनची लोकर पडली होती, तिचा रंग पिवळा होता.

रेक्स वाचला. इस्पितळात मी त्याच्या खाटेशी बसले. तोच बोलला.

"सायलोपाशी कुणीच नव्हतं, डॉट. मी म्हटलं, डॉट म्हातारी झाली, तिला भुतं दिसायला लागली. नोएलीन हसली. उशीर झाला होता, म्हणून मग जरा पाय दाबला." मग म्हणाला, "तू दिलास ना डिपर. मी बोटही उचललं."

मी थांबायला हवं होतं. काच खाली करून चार शब्द बोलायचे होते, बस. ते मला रोज आठवतं आणि रोज स्वतःचा राग येतो.

या मार्चमध्ये खात्यानं सायलोपाशी खांबावर कायमचा कॅमेरा बसवायचं काढलं. पुन्हा बैठक, पुन्हा तोच गुळगुळीत माणूस. कुणीतरी उत्साहात ती फळी उपटून आणली आणि व्यासपीठाला टेकवून ठेवली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, माझ्याही. रेक्स काठी टेकत पुढे गेला आणि फळीसमोर उभा राहिला.

"नोएलीन मे हाउप्ट," तो म्हणाला. "लिहून घे."

त्या माणसानं खरंच लिहून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "कसं झालं?"

"समोरून डिपर आला. मला वाटलं, तुमचा कॅमेरा आहे."

"कुणी दिला?"

रेक्स त्याच्याकडेच बघत राहिला. "ऊन डोळ्यांवर होतं," तो म्हणाला. "दिसलं नाही."

मी तिसऱ्या ओळीत बसले होते. उठले नाही.