नऊचे सहा

नोएडात आम्ही राहायला आलो तेव्हा सेक्टरांना नंबर पडले होते, पण रस्त्यांना दिवे नव्हते. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, मी टीव्हीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका नव्या परदेशी कंपनीत. देशाची दारं नुकतीच उघडली होती, आणि आमच्या कंपनीला एकदम समाजाची आठवण झाली. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना वर्गातल्या नव्या कल्पनांसाठी अनुदान द्यायचं ठरलं. वर्षाला एकच. अर्ज वाचायला तिघं: आमचे पंजाबी साहेब, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि मी. मला घेतलं कारण माझं अक्षर चांगलं होतं.

अर्ज बहुतेक एकाच छापाचे. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. तो चालवणार कोण आणि वीज कुठून आणणार, हे कुणी लिहिलं नव्हतं. त्यात एक अर्ज वेगळा निघाला. सेक्टरांच्या मधोमध अडकून राहिलेल्या एका गावातल्या शाळेच्या बाईंचा. त्या गावाची शेतं सेक्टरांसाठी घेतली गेली होती. बाईंचं म्हणणं असं, की सहावीच्या मुलांना त्यांच्या आजोबांबरोबर बाहेर न्यायचं. आजोबांनी दाखवायचं, आपला बांध इथून जायचा, विहीर ही. मुलांनी दोरीनं मोजायचं, क्षेत्रफळ काढायचं आणि सेक्टरच्या नकाशावर गावाची शेतं काढायची. भूमितीही झाली आणि गावही कळलं. सामान काय, तर मोजणीची साखळी, दोऱ्या, आलेखाचे कागद आणि प्लायवुडचा एक मोठा फळा. शेवटी लिहिलं होतं, हे याच वर्षी व्हायला हवं. बांध अजून दिसतात, पुढच्या वर्षी तिथे बांधकाम सुरू होईल.

मी पेन्सिलीनं दहापैकी नऊ गुण लिहिले. मग खालची सही वाचली. बाई मराठी निघाल्या, आणि ओळखीच्या. गणपतीत आरतीला माझ्या शेजारीच उभ्या राहायच्या.

दिल्लीत जो तो आपल्या माणसाचं काम करतो, आणि आपण ते करत नाही याचा आम्हा मराठी लोकांना भारी अभिमान. नवऱ्यानं ऑफिसात एका मराठी माणसाची शिफारस याच सोवळ्यापायी टाळली होती, आणि ती गोष्ट आम्ही पाहुण्यांना कौतुकानं ऐकवायचो. जगात आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडे आपला तोच कार्टा. मी खोडरबर घेतलं आणि नऊचे सहा केले.

बैठकीत बेरीज झाली. बाईंचा अर्ज दोन गुणांनी मागे पडला होता. साहेबांनी तो पुन्हा उचलला.

"मॅडम, ये रस्सीवाला मुझे अच्छा लगा. आपके उधर की हैं ना? आप बोलो तो इन्हीं को दे देते हैं."

माझ्या एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, "नहीं सर, मेरिट पर ही होना चाहिए."

"जैसी आपकी मर्जी," म्हणून त्यांनी कागद खाली ठेवला. अनुदान एका कॉम्प्युटरला गेलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरोबर केलंस." मला काही वाटलं नाही. बरंही नाही, वाईटही नाही. पोळ्या केल्या, जेवलो, भांडी आवरली.

संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाई आल्या. कुंकू लावून घेताना म्हणाल्या, "ताई, शाळेत कळलं, माझा अर्ज शेवटच्या दोघांत होता. मला तर बिल्कुल आशा नव्हती. तुम्ही तिथे होतात म्हणून इतका तरी पोचला. नाहीतर आपल्याला इथे कोण विचारतं?"

मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हटलं. वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. पुढच्या बाईला कुंकू लावलं.

पुढच्या वर्षी अर्ज निघाले तेव्हा कोरा फॉर्म घेऊन मी स्वतः त्यांच्या शाळेत गेले. त्यांनी चहा मागवला, फॉर्म वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"आता काय मोजणार, ताई? विहीर बुजवली. ज्या आजोबांना सगळे बांध पाठ होते, ते दिवाळीत गेले."

मी चहा संपवला आणि कोरा फॉर्म पर्समध्ये घातला.

काही वर्षांनी त्या गावाच्या शेतांवर झालेल्या सेक्टरात आम्ही फ्लॅट घेतला. सोसायटीचं पार्किंग खणताना जुन्या विटांचं गोल बांधकाम लागलं होतं म्हणे. विहीर असणार. ती कुणाच्या शेतातली, हे सांगणारा कागद माझ्या तरी पाहण्यात नाही. तो सहावीच्या पोरांनी काढला असता. संध्याकाळी गाडी लावून उतरते तेव्हा आता वाईट वाटतं, फार उशिरा वाटायला लागलं. बाई केव्हाच पुण्याला परत गेल्या. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं, आणि त्यांनी मानलेले आभार तेवढे माझ्याकडे राहिले.