ठशाच्या कोपऱ्यातली कड

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, पण काल शेजारी सुतारकाम निघालं, भुशाचा वास घरात आला आणि मला एका जागी बसवेना. मस्कतला असताना आमच्या कंपनीने एका जपानी चित्रकर्तीला लाकडी ठशांनी चित्रं छापून दाखवायला बोलावलं होतं. ठसे तिच्या आधी आले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाकडाची नखाएवढी उंच कड कोरायची राहून गेलेली दिसली, म्हणून मी आमच्या मालवणी सुताराला रंधा मारायला सांगितलं. तो म्हणाला, "सायबानू, सगळ्यांवर एकाच जागी हा. मुद्दाम ठेवलली असतली." मी म्हणालो, "तू जपानला जाऊन आलास काय? यल्ला, चल, खलास कर." दुसऱ्या दिवशी तिने निळ्यावर तांबडा छापला, तर होडीचा रंग पाण्यात उतरला. कागद त्या कडेलाच टेकवून बसवायचा असतो, म्हणजे प्रत्येक रंग आपल्या जागी पडतो. तिने कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि हत्यारं गुंडाळली. मॅनेजरने विचारल्यावर मी म्हणालो, "सुताराने परस्पर केलं." त्याची नोकरी गेली. निघताना तो मला भेटायला आला. "तुमी मॅनेजराकडे माझ्यासाठी बोलला असतलात, ता पुरे," म्हणाला. तो आज आहे की नाही, ठाऊक नाही. 'माफ कर' एवढंच म्हणायचं होतं, पण तेव्हा मी म्हणालो, "जपून जा."