तळ्याकाठी चार चटया

गुरुवार आला की माझी झोप उडायची. कारण शुक्रवारी तळं, आणि तळ्यात पाणी! "तळ्यात पाणीच असणार ना?" माझा नवरा मंदार म्हणायचा. त्याला काय सांगणार? आमची इरा तेव्हा तीन वर्षांची, आणि मी तिला मनातल्या मनात दर आठवड्याला बुडवून बाहेर काढत होते.

रियाधबाहेरच्या त्या तळ्यावर आम्ही चार वर्षं पिकनिकला गेलो. किस्से गोळा करायला कुणी जात नाही. पण डिकीत वाळू साठते तसे ते साठत गेले. कितीही झाडा, चिमूटभर निघतातच.

ग्रुप छोटासाच. आम्ही तिघं. मलाझमधले आमचे शेजारी निसारभाई आणि रुबिनाभाभी, दापोलीकडचे. आणि सांगलीचे जाधव, फॅब्रिकेशनचे फोरमन, कॅम्पात एकटे राहणारे.

*

पहिल्याच शुक्रवारी मी इराच्या कमरेला माझी हिरवी ओढणी बांधली. दुसरं टोक आइसबॉक्सच्या कड्याला. निसारभाई बघतच राहिले.

"वहिनी, शेळी चरायला आणलीय का?"

मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं इरा बदकामागे धावली. आइसबॉक्स आडवा! मसाला लावलेलं सगळं चिकन घरंगळत पाण्यात!

"वहिनी," निसारभाई शांतपणे म्हणाले, "पोरगी वाचली. कोंबड्या बुडाल्या."

त्यानंतर ओढणीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला.

*

जाधवांच्या कंपनीत सौदायझेशन आलं. जागा सौदींना द्यायच्या, पण त्यांना काम शिकवायचं जुन्यांनीच. जाधवांनी फहाद नावाच्या सौदी पोराला आठ महिने मन लावून शिकवलं. एकदा तो खजूर आणि कॉफीचा थर्मास घेऊन तळ्यावरच आला. जाधवांच्या खांद्यावर हात ठेवून आम्हाला म्हणाला, "माय टीचर!" अगदी मनापासून.

पुढच्या महिन्यात जाधवांना फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं भारतात परत.

"शिकवण्यात कसूर ठेवली नाही बघा," शेगडीला वारा घालत जाधव म्हणाले. "पोरगं पहिल्या झटक्यात पास, आणि मास्तर शाळेबाहेर!"

आम्ही खूप हसलो. त्या दिवशी चिकन जरा करपलंच.

*

जाणाऱ्यानं पिकनिकचं सामान राहणाऱ्यांना द्यायचं, ही आमची पद्धत. जाधवांची शेगडी आणि चटई निसारभाईंकडे गेली. वर्षभरात निसारभाईंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू होईना. मग त्यांच्या दोन चटया, शिवाय जाधवांचं सामान, सगळं आमच्याकडे.

आमची एक धरून चार चटया, बसणारे तीन!

"असू दे," मंदार म्हणाला, "नवीन कुणी आलं तर?"

कुणी आलं नाही.

*

निसारभाईंचं कुटुंब जायच्या आधीच्या शुक्रवारी रुबिनाभाभी अबाया वर खोचून काठाच्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी घोट्याएवढं!

"अगो, पाच मिनिटं दे इराला माझ्याकडे. मी खाडीच्या काठावर वाढलेय."

"पुढच्या शुक्रवारी, नक्की."

"पुढच्या शुक्रवारी मी दापोलीत असेन!"

त्या हसल्या. मीही हसले. मनगटावरची गाठ तेवढी सोडली नाही. पाच मिनिटंच मागितली होती बाईनं.

*

मग मंदारची जागाही गेली.

शेवटच्या शुक्रवारी आम्ही चारही चटया अंथरल्या. उगाचच. हे सामान द्यायला आता कुणी उरलं नव्हतं. इरा सात वर्षांची झालेली, इंडियन स्कूलमध्ये जाऊन घरीही हिंदीच बोलणारी. वर्गातल्या मैत्रिणी पोहायला शिकत होत्या, आणि हिच्या कमरेला अजून तीच ओढणी, विटून पोपटी झालेली.

रुबिनाभाभी उभ्या राहिल्या होत्या, तिथे मी स्वतः जाऊन बघितलं. घोट्याएवढंच पाणी. परत येऊन इराच्या कमरेची गाठ सोडायला घेतली. सुटेना. शेवटी दातांनी सोडली.

"जा इरा, पाय बुडव. मी इथेच आहे."

ती काठापर्यंत गेली. पाण्याकडे बघितलं. वळून माझ्याकडे बघितलं. मग परत आली, चटईवरची ओढणी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

"मम्मा, पहले बांधो ना!"