यंत्राची सोयरीक

"आधी चौकशी, मंग सोयरीक," असं म्हणून मामा डाव्या हातानं मिशी दाबायचे. मिशी दाबली की समजायचं, आता आपली खैर नाही.

जालन्यात आम्हा तिघा मित्रांचा छोटासा कारखाना. माणसाच्या आवाजात ओरडून रानडुकरं हाकलणारं यंत्र करायचं डोक्यात होतं. चाचणीला शेत हवं, म्हणून केदारखेड्याच्या या मामांना गाठलं. यंत्र तेव्हा नुसतं कागदावर होतं. मामा म्हणाले, हरकत नाही, रविवारी बघण्याचा कार्यक्रम करू. शेत म्हणजे लेक आणि यंत्र म्हणजे जावई, असा त्यांचा हिशोब.

आम्हाला वाटलं, थट्टा. जाऊन बघतो तर काय, ओसरीवर सतरंजी, मामींनी केलेले पोहे आणि मधोमध पाट. कागद पाटावर बसवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर अडकित्ता ठेवला. आता तुम्हीच सांगा, इंजिनिअरिंगला हे कोण शिकवतं?

शेजारचा शेतकरीही बोलावलेला. बांधावरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद होतं. पण इथून हाकललेलं डुक्कर त्याच्याच मक्यात शिरणार, तेव्हा त्याचा होकार पाहिजे, असं मामांचं म्हणणं. पठ्ठ्यानं दोनदा पोहे घेतले आणि जावई पसंत नाही म्हणून सांगितलं. त्याच्या शेतातही एक यंत्र बसवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे तो वळला.

मग मामा सुरू झाले. पहाटे बायामाणसं शेताकडे जातात, त्यांच्यावर खेकसलं तर? बिघडून दिवसभर ओरडत बसलं तर? शेवटी मिशी दाबली गेली.

"बंद कसं करायचं, ते सांगा."

कागदावर बटणच नव्हतं. स्थळ नापसंत झालं. आम्ही म्हाताऱ्याच्या नावानं चरफडत जालन्याला आलो आणि मुकाट्यानं बटण घातलं. मुठीत मावेल असं, लांबून चालणारं.

दुसऱ्या खेपेला आवाजाचा प्रश्न निघाला. मी म्हणालो, कोणाचाही घेऊ, त्यात काय. मामांना ते बिलकुल पटलं नाही. दुसऱ्याच्या गळ्यानं ओरडायचं तर त्याची राजीखुशी लागते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज दिला. त्यासाठी नवा फेटा बांधून आले होते. "हाऽऽड! निघ तिकडं!" माझे कान दोन दिवस दुखत होते.

ओरडून झाल्यावर मामांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "अन मी मेल्यावर?"

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बटण तुमच्या मामीपाशी राहू द्या. तिला न्हाई सोसलं, तर ती बंद करील."

सोयरीक जमली, यंत्र शेतात उभं राहिलं. मामा गेल्या वर्षी गेले. मामींना भेटायला गेलो तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. ओसरीवर टेकतो न टेकतो तोच मामांच्या शेतातून आवाज आला, "हाऽऽड! निघ तिकडं!" अहो, मला रडूच कोसळलं. मी मामींना म्हणालो, आवाज बदलून देतो, उद्याच्या उद्या. त्यांनी मान हलवली. नको.

शेतातून पुन्हा हाक आली. मामींनी पदराची गाठ सोडली, बटण काढून दाबलं. शेत एकदम गप्प झालं.

"घटकाभर बसू द्या," त्या म्हणाल्या. "कधीचे वरडून राह्यले. दमले असतील."