कोंबडीखालची बाटली

नळाचं पाणी तपासायला निघाले की माझ्या पिशवीत दहा-बारा बाटल्या असायच्या. आळेफाट्याला परतीची एसटी पकडेपर्यंत किस्से त्याहून जास्त झालेले असायचे!

नव्वदचं दशक सरत होतं. मी नुकतीच बीएस्सी झालेले आणि दोन तालुक्यांचं पाणी एका वर्षात शुद्ध करायची मला घाई. पद्धत सोपी. आत तपासणीचं औषध घातलेल्या बाटलीत नळाचं पाणी भरायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं. काळं पडलं, तर पाण्यात घाण मिसळतेय.

महाळुंगे पडवळला एका काकूंनी बाटली भरून दिली. हाताला गरम लागली!

"काकू, हे काय?"

"पोरी, तपासायला जाणार ना? मग तसंच कसं द्यायचं? उकळून, गाळून दिलंय!"

निमगाव सावाला एक निवृत्त गुरुजी दोन दिवस बाटलीसमोर खुर्ची टाकून बसले. पाणी काळं पडलं नाही, तसे आळीभर साखर वाटत सुटले. "आमचा नळ पास झाला!"

पुढच्या एका गावात सुमनताई भेटली. बुद्धविहारामागे घर, कडेवर दीड वर्षाची लेक. महिन्यात तिसऱ्यांदा जुलाब. नळाचा पाइप गटारातून गेलाय, हे ती ग्रामपंचायतीत दोनदा सांगून आली होती. "पाणी चांगलंय," एवढंच उत्तर.

थंडी कडाक्याची. "बाटली उबेत ठेवा," म्हणाले आणि निघाले.

दोन दिवसांनी आले, तर सुमनताईनं खुराड्यात हात घातला आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखालून बाटली काढली!

"कॉलेजात यासाठी मशीन असतं," मी पुटपुटले.

"हिला लाइट लागत नाय, ताई!"

बाटली काळीकुट्ट झाली होती.

सरपंचांना बोलावलं. त्यांनी बाटली हलवून पाहिली. "औषधानं काळं झालं असंल. पाणी लई चांगलं हाय."

"मग घ्या की, अण्णा." सुमनताईनं नळाखाली पेला भरून पुढं केला.

अंगणात वस्तीतली माणसं जमली होती. गावातल्या माणसानं या वस्तीत पाणी नाकारलं, तर त्याचा जुना अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. सरपंचांनाही. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, जमलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि पेला ओठांपर्यंत नेला.

सुमनताईनं तो झडप घालून हिसकावला. पाणी जास्वंदीच्या बुडात ओतलं.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा! तुमाला काय झालं, तर पाइप कोण बदलणार?"

सरपंचांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"कुदळ हाय का घरात?"