सासरी मिळालेले वडील

समीरचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. ‘कारीन गेली.’ एवढंच. मी उलट लिहिलं, ‘कुठे? स्वीडनला?’... आणि उत्तराऐवजी त्याचा फोन आला. शाळेत मुलांना चित्रकला शिकवता शिकवता ती खाली बसली आणि उठलीच नाही. धडधाकट बाई. आदल्या संध्याकाळी आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगखाली गप्पा मारत उभ्या होतो; निघताना इथल्या अरबांसारखं ‘यल्ला, चल, उद्या’ म्हणाली होती. काही आठवडे झाले, तरी लिफ्ट तिच्या मजल्यावर थांबली की मी अजून दचकते.

कारीन स्वीडनची, समीर सांगलीचा. ओळख इथे अबू धाबीत झाली, लग्न सांगलीत. ती मराठी शिकली, पण ‘तो भाजी’ आणि ‘ती आंबा’ शेवटपर्यंत सुटलं नाही. तिला वेड इतिहासाचं, त्यातही एकाच बाईचं. मध्ययुगातली स्वीडनची एक सरदारकन्या, लग्न होऊन डेन्मार्कला गेलेली. सासरच्या बखरींत ती स्वीडनच्या राजाची लेक. माहेरी मात्र त्या राजाला अशी मुलगी असल्याचा कुठेच उल्लेख नाही. अभ्यासकांत दोन तट पडलेले. कारीनचं म्हणणं, परक्या मुलखातून सून आणली की लोक विचारणारच, कुणाची कोण. मग सासरच्यांनीच ठोकून दिलं असेल काहीतरी. एकदा चहा पिताना मला म्हणाली, “बिचारीला वडील सासरी मिळाले,” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यात एवढं हसण्यासारखं काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

अंत्यसंस्कार इथेच झाले. स्वीडनहून तिची आई आली. सांगलीहून समीरची आई, म्हणजे आमच्या काकू, आणि त्याचे मामा आले. तिसऱ्या दिवशी सगळे हॉलमध्ये बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मामांनी कारीनच्या आईला इंग्रजीत विचारलं, प्रोफेसरसाहेबांना जाऊन किती वर्षं झाली? त्या माउलीला काही उमगेना. कोण प्रोफेसर, असं तिने दोनदा विचारलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, की कारीनला वडील नव्हतेच. तिने मुलीला एकटीने वाढवलं, आणि ते कोण हे मुलीलासुद्धा कधी सांगितलं नाही... मामांनी ते काकूंना मराठीत सांगितलं. कारीनचे वडील म्हणून स्टॉकहोमच्या त्या विद्वान प्रोफेसरांचं कौतुक काकूंच्या तोंडून मीसुद्धा कितीदा ऐकलं होतं. समीर खाली मान घालून बसला होता. त्याला खरं आणि खोटं दोन्ही माहीत होतं.

“मीच सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या. “लग्नात जो तो विचारत होता, मुलगी कुणाची. मला दुसरं काही सुचलं नाही. तिला कळलं तेव्हा वाटलं, आता ही परत जाते. तर म्हणाली, आई, असू द्या. छान आहे ती प्रोफेसर.”

मामांना सांगलीच्या पेपरात निधनाची बातमी द्यायची होती. मजकूर तयार होता, त्यात प्रोफेसर होते. आता कन्या कुणाची लिहायचं, असं त्यांनी जरा वैतागूनच विचारलं. काकूंनी शेजारी बसलेल्या कारीनच्या आईचा हात हातात घेतला.

“हिची लिही,” त्या म्हणाल्या. “आणि माझी.”

दोघी अजून इथेच आहेत. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. काल संध्याकाळी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि वेलदोड्याचा वास बाहेर लिफ्टपर्यंत आला होता. कारीन दर शुक्रवारी तिच्या माहेरचे वेलदोड्याचे गोड पाव करायची. आत तिची आई पीठ मळत होती, काकू वेलदोडे सोलत बसल्या होत्या. मला त्या दिसायच्या आधीच, दारातूनच, पूर्वीसारखी माझ्या तोंडून हाक गेली... “कारीन!”

दोघींनी एकदम वळून पाहिलं.