तुझा चौकोन कुठाय?

म्हात्रे बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मला रक्त चढत होतं. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर, हातात सुई. मला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. शरीर स्वतःचं रक्त नीट बनवत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्यांचं घ्यावं लागतं. सिस्टरना म्हटलं, काढा हे, मला बदलापूरला जायचंय. त्या म्हणाल्या, गप पडून राहा. पडून राहिलो. पोचलो तेव्हा बाईंना नेलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही… कुणावरचा, ते विचारू नका.

बाई बदलापुरात कात्रपला एका मेडिकलच्या वरच्या खोलीत बारावीच्या बायोलॉजीचा क्लास घ्यायच्या. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातून जायचो. आनुवंशिकता आली की आम्हाला घाम फुटायचा. बाईंचा हट्ट एकच, उत्तर पाठ म्हणायचं नाही, पनेट चौकोन काढायचा. आईकडची दोन अक्षरं वर, बापाकडची दोन बाजूला, मध्ये चार घरं. वरचं एक, बाजूचं एक, अशी जोडी लावत एकेक घर भरायचं. उंच मटार, बुटका मटार करता करता एके दिवशी बाईंनी फळ्यावर थॅलेसेमिया लिहिलं. मोठा टी म्हणजे ठीक, छोटा टी म्हणजे बिघडलेला. आईकडे एक छोटा, बाबांकडे एक छोटा, दोघंही ठणठणीत. पण चारातल्या एका घरात दोन्ही छोटे एकत्र येतात. ते घर म्हणजे मी. माझं डोकंच सटकलं. क्लास सुटल्यावर म्हटलं, "बाई, मी काय उदाहरण आहे का?" बाई फळा पुसत म्हणाल्या, "चिडलास ते बरं झालं. मटारावर कुणी चिडत नाही, म्हणून डोक्यातही राहत नाही. उद्या वेळेवर ये." सॉरी वगैरे काही नाही. मी गेलो, आणि त्याच रागात तो धडा शिकलो.

पुढे उल्हासनगरात एका जीन्सच्या कारखान्यात बिलिंगला लागलो, तरी बाईंकडे जाणं सुटलं नाही. गेल्या दिवाळीत फराळ खाता खाता सपनाचं नाव निघालं. सपना आमच्याकडेच सॅम्पलचं काम बघते, सिंधी आहे, आणि तिच्याशी बोललो नाही तर माझा दिवस वाया जातो. बाई हसायला लागल्या. "म्हणजे घोड्यावर बसायचंय तर साहेबांना." मी म्हटलं, "कसलं काय बाई. पोरं माझ्यासारखीच होणार. कशाला कुणाच्या आयुष्याची वाट लावू?" त्यांचं हसू थांबलं. कागद पुढे सरकवला. "काढून दाखव."

मी काढला. एक मोठा एक छोटा वर, एक मोठा एक छोटा बाजूला, पुस्तकात असतो तसाच. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हा तुझ्या आईबाबांचा. तुझा कुठाय?" मी गारच पडलो. इतकी वर्षं मनात तोच चौकोन घेऊन हिंडत होतो. माझ्याकडे तर दोन्ही छोटेच. नवा काढला, आणि दुसऱ्या बाजूला हात अडला. सपनाकडे दोन्ही मोठे असतील तर चारही घरं ठीक. छोटा टी असेल, पण आजार कुणालाच नाही. तिच्याकडे एक छोटा असेल तर दोन घरं माझ्यासारखी. आणि सिंध्यांत हे जरा जास्त आढळतं, तेही बाईंनीच शिकवलेलं. मी घाबरून दोन्ही मोठे लिहायला निघालो. बाईंनी हात धरला. "तिला विचारल्याशिवाय तिची अक्षरं भरायची नाहीत."

विचारायला मात्र मला धीर होईना. आज सांगतो, उद्या सांगतो… आणि बाई झोपेतच गेल्या. त्यांच्या तेराव्याहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी सपनाला सगळं सांगितलं. मी रक्त घेतो ते तिला माहीत होतं, पुढचं नव्हतं. तिने जाऊन तपासणी करून घेतली.

काल रिपोर्ट आला. तिच्याकडे एक छोटा टी आहे. कारखान्याखालच्या चहाच्या टपरीवर मी तिला चौकोन काढून दिला; घरं तिनेच भरली. दोन माझ्यासारखी, दोन तिच्यासारखी. मी म्हटलं, "तू नाही म्हणालीस तरी चालेल." तिच्यासारख्या दोन घरांवर तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "दो घर तो ठीक है ना? आणि पोटात असतानाच तपासता येतं, डॉक्टरने बोला मुझे. भीती मलाही वाटते. पण अंदाजाने नाही म्हणणार नाही मी." कागद घडी करून तिने माझ्याच खिशात घातला. "संडेला घरी ये. मम्मी-पप्पांना समजाव. माझं नाही ऐकणार ते."

बाई, रविवारी मी शिकवायला जातोय.